पेशींचे रीप्रोग्रॅमिंग

परिपक्व पेशीला काही निवडक जनुकांच्या साहाय्याने पुन्हा भ्रूणातील पेशीसारख्या अवस्थेत नेण्याची प्रक्रिया. त्वचा, यकृत आणि मेंदू यांच्या पेशींमधील डीएनए जवळजवळ सारखाच असतो. कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, यावरून त्यांचे काम ठरते आणि ही स्थिती डीएनएवरील मिथाइल गटांसारख्या रासायनिक खुणा टिकवून धरतात. वाढत्या वयानुसार या खुणांची मांडणी बदलत जाते. रीप्रोग्रॅमिंगमध्ये नेमक्या याच खुणा पुसल्या जाऊन नव्याने उमटत असल्यामुळे वार्धक्याच्या संशोधनात या प्रक्रियेला मोठे महत्त्व आले आहे.

परिपक्व पेशीचा मार्ग उलट फिरवता येतो, हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी 1962 मध्ये दाखवले. केंद्रक काढून टाकलेल्या बेडकाच्या अंड्यात त्यांनी आतड्याच्या पेशीचे केंद्रक घातले आणि त्यातून बेडूकमासे वाढले. अंड्याशिवाय हेच साधण्यासाठी मात्र चार दशके लागली. क्योतो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी 24 जनुकांपासून सुरुवात करून एकेक वगळत अखेर ऑक्ट-4, सॉक्स-2, केएलएफ-4 आणि सी-मिक या चारच जनुकांनी उंदराच्या पेशींना मूलपेशींचे, म्हणजे शरीरातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींचे, रूप दिले (2006). पुढच्याच वर्षी मानवी पेशींतही यश आले. गर्डन आणि यामानाका यांना 2012 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या शोधाचा वैद्यकीय उपयोग दोन दिशांनी होतो आणि त्यांत गल्लत करणे धोक्याचे आहे. पहिली दिशा पेशी बदलण्याची: शरीराबाहेर तयार केलेल्या मूलपेशींपासून हवा तो ऊतक वाढवून रुग्णात रोपण केला जातो. जपानमधील कोबे येथे 2014 मध्ये दृष्टिपटलाच्या विकाराने ग्रस्त अशा एका वृद्ध महिलेवर असे पहिले रोपण झाले. क्योतोत कंपवाताच्या सात रुग्णांच्या मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन निर्माण करू शकणाऱ्या पेशी घालण्यात आल्या. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यापैकी कोणातही त्या पेशींपासून गाठ झाली नाही.

दुसरी दिशा शरीरातल्याच पेशी तरुण करण्याची असून ती कितीतरी अवघड आहे. जनुके दीर्घकाळ चालू राहिली तर पेशी आपली ओळखच विसरते, हृदयाची पेशी हृदयाची राहत नाही. स्पेनमधील संशोधकांना 2013 मध्ये ही चार जनुके शरीरात चालू केलेल्या उंदरांच्या अनेक अवयवांत टेराटोमा या प्रकारच्या गाठी आढळल्या. शिवाय सी-मिक हे जनुक कर्करोगाशी निगडित आहे. तेव्हा ओळख पुसली जाण्याआधीच थांबायचे, हा अंशतः रीप्रोग्रॅमिंगचा गाभा होय. अमेरिकेतील सॉल्क संस्थेत 2016 मध्ये अकाली वार्धक्य येणाऱ्या उंदरांमध्ये ही चार जनुके आठवड्यातून दोन दिवस चालू आणि पाच दिवस बंद ठेवली गेली, तेव्हा त्यांचे आयुर्मान सुमारे 30 टक्क्यांनी वाढले. हे उंदीर नैसर्गिकरीत्या म्हातारे झालेले नव्हते, ही बाब या आकड्याचा उल्लेख करताना बहुधा सुटून जाते, आणि तीच त्याची खरी मर्यादा आहे. हार्वर्डमधील डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने 2020 मध्ये सी-मिक वगळून उरलेली तीन जनुके वापरली. त्यामुळे इजा झालेल्या दृष्टिचेतेचे (डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या मज्जातंतूचे) तंतू पुन्हा वाढले आणि काचबिंदूसदृश विकार झालेल्या उंदरांची दृष्टी काही अंशी परतली.

परिणाम मोजणे हाही एक अडचणीचा भाग आहे. संशोधक स्टीव्ह होरव्हाथ यांनी 2013 मध्ये डीएनएवरील 353 ठिकाणच्या मिथाइल खुणांवरून वय सांगणारी पद्धत मांडली आणि तिच्यानुसार पूर्णतः रीप्रोग्रॅम केलेल्या पेशीचे वय शून्याजवळ येते. परंतु हे मोजमाप घटले म्हणजे मूत्रपिंड अधिक चांगले गाळते किंवा स्नायू अधिक बळकट होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी अवयवाचे कार्यच तपासावे लागते. प्रयोगातील काही उंदरांत ही जनुके जन्मापासूनच बसवलेली असतात, तर माणसात ती निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत पोचवावी लागतील आणि ठरल्या वेळी बंदही करावी लागतील. लहान, बऱ्याच अंशी बंदिस्त आणि बाहेरून थेट पाहता येण्याजोगा असल्यामुळे डोळा हा अवयव या उपचाराच्या पहिल्या चाचण्यांसाठी सोयीचा मानला जातो.