भावंडांचा बँड: मॉर्गन हेरिटेजची तीस वर्षं

डेनरॉय मॉर्गनचं नाव अमेरिकेत झालं ते नाचाच्या गाण्यामुळे. जमैकातल्या क्लॅरेंडन भागातला हा गायक १९६५ मध्ये अमेरिकेत आला आणि १९८१ मध्ये त्याचं ‘आय विल डू एनीथिंग फॉर यू’ न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये तुफान चाललं. बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताच्या, यादीत ते पहिल्या दहात पोचलं. माणूस मात्र पक्का रास्ताफारी, म्हणजे जमैकात जन्मलेल्या कृष्णवर्णीयांच्या ‘रास्ता’ धर्मपंथातला; ओढ सगळी रेगेची, जमैकाच्या संथ लयीच्या संगीताची. तेवढं मोठं गाणं पुन्हा त्याच्या हाती लागलं नाही. हाताशी होती ती मुलं, आणि तीही तीसच्या आसपास! ब्रुकलिन आणि मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड अशा दोन गावांत वाढलेल्या या पोरांना त्याने लहानपणापासून वाद्यांना बसवलं.

१९९२ मध्ये त्यांतली आठ भावंडं जमैकाच्या ‘रेगे सनस्प्लॅश’ महोत्सवात उभी राहिली. तिथल्या कार्यक्रमाने एमसीए या बड्या अमेरिकी कंपनीचा करार मिळवून दिला आणि १९९४ मध्ये ‘मिरॅकल्स’ हा पहिला अल्बम आला. अमेरिकी रेडिओला रुचेल असा घोटून गुळगुळीत केलेला. तो फारसा चालला नाही. तिघं बाजूला झाली, पाच उरली. पीटाह मुख्य गायक. ग्रॅम्प्स कीबोर्डवर, शिवाय जुन्या पिढीतला रेगे गायक पीटर टॉशची आठवण करून देणारा त्याचा खर्जातला आवाज. उना, पाचांतली एकटी बहीण, कीबोर्ड आणि गायन. लूक्स गिटारवर, मोजो तालवाद्यांवर. मॉर्गन हेरिटेज म्हणून जगाने ओळखली ती हीच पाच जणं.

खरी कलाटणी त्यानंतरची. करार फसल्यावर अमेरिकेत दुसरी कंपनी शोधण्याऐवजी ही मंडळी १९९५ च्या सुमारास बापाच्या देशात, जमैकात राहायला गेली. तिथे त्या वेळी बँडचे दिवस जवळपास संपलेले होते. १९८५ मध्ये किंग जॅमी या निर्मात्याने कॅसिओच्या छोट्या कीबोर्डातला तयार ताल उचलून ‘स्लेंग टेंग’ बनवलं, तेव्हापासून किंग्स्टनच्या स्टुडिओंत वादकांची गरजच कमी होत गेली. पद्धत अशी: निर्माता आधी ‘रिदिम’ तयार करतो, म्हणजे बेस आणि ड्रमचा सांगाडा, आणि त्या एकाच सांगाड्यावर डझनभर गायक आपापलं गाणं चढवून जातात. स्वस्त आणि झटपट. पाच-सहा वादकांचा ताफा पोसायचा, त्यांना तालमीला एकत्र आणायचं, दौऱ्यावर न्यायचं हे ज्याच्या त्याच्या खिशाला झेपणारं नव्हतं. मॉर्गन भावंडांपुढे ही अडचण निम्मीच होती, कारण ताफा घरातलाच. मला तर त्यांच्या टिकण्याचं मोठं कारण हेच वाटतं; गुणवत्तेचं कौतुक नंतर.

काळही अनुकूल होता. गार्नेट सिल्क, लुचियानो, बुजू बँटन या जमैकी गायकांमुळे नव्वदीच्या मध्यावर डान्सहॉलच्या, म्हणजे रेगेतून निघालेल्या नाचाच्या संगीताच्या, गदारोळात पुन्हा रास्ता विचारांची गाणी ऐकू येऊ लागली होती. गंमत म्हणजे, वादकांना घरी बसवणाऱ्या त्याच किंग जॅमीने या बँडबरोबर काम केलं. पण सूर सगळ्यात जुळले ते बॉबी डिजिटल या निर्मात्याशी. १९९७ चा ‘प्रोटेक्ट अस जाह’ आणि १९९९ चा ‘डोन्ट हॅफी ड्रेड’ ही त्या जोडीची कमाई.

यांतल्या दुसऱ्या, ‘डोन्ट हॅफी ड्रेड’च्या शीर्षकगीताने चांगलाच वाद पेटवला. जटा राखल्या नाहीत तरी रास्ता होता येतं, असा त्या गाण्याचा दावा. बाहेरच्याला यात भांडण्यासारखं काय, असं वाटेल. पण जटांना आधार बायबलच्या जुन्या करारातल्या व्रताचा आहे. डोक्याला वस्तरा लागू द्यायचा नाही, हे ते व्रत. न्याबिंघी किंवा बोबो शांती पंथांत जटा म्हणजे श्रद्धेची खूण, तर ‘ट्वेल्व्ह ट्राइब्स’ पंथात त्यांची सक्ती नाही. शिवाय जटांपायी एका पिढीने पोलिसांचा मार खाल्ला होता, नोकऱ्या गमावल्या होत्या. त्यांच्यासमोर अमेरिकेत वाढलेल्या पोरांनी हे गाणं म्हणणं अनेकांना झोंबलं. गाणाऱ्यांच्या स्वतःच्या डोक्यावर जटा होत्या, म्हणून ते निभावलं असावं.

२००८ च्या ‘मिशन इन प्रोग्रेस’नंतर बँड थांबला आणि जो तो आपल्या वाटेने गेला. ग्रॅम्प्सने एकट्याचे अल्बम काढले. २०१३ मध्ये पुन्हा एकत्र येऊन त्यांनी ‘हिअर कम द किंग्ज’ काढला, आणि २०१५ चा ‘स्ट्रिक्टली रूट्स’ तर स्वतःच्याच कंपनीतर्फे. त्याला फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोत्तम रेगे अल्बमचं ग्रॅमी मिळालं. आदल्या वर्षी ते रेगेचा सर्वांत मोठा गायक बॉब मार्ली याच्या मुलाकडे, झिगी मार्लीकडे गेलं होतं, पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच, आणि त्यानंतर त्याचा सावत्र भाऊ डेमियन मार्लीकडे. या पुरस्कारात ओळखीच्या आडनावाला झुकतं माप मिळतं अशी कुरकुर रेगेवाले नेहमी करतात, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. झिगीनेही भावाबहिणींना घेऊन ‘मेलडी मेकर्स’ चालवला, पण त्यांच्या पाठीशी बॉब मार्लीचं नाव होतं. मॉर्गन भावंडांना रेगेच्या जगात आडनाव स्वतःच कमवावं लागलं.

डेनरॉय मार्च २०२२ मध्ये गेला. पुढच्या वर्षी आफ्रिकी कलाकारांना सोबत घेऊन केलेला ‘द होमलँड’ आला. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी पीटाहचं वयाच्या ४६ व्या वर्षी निधन झालं. वादक बदलून चालणारे बँड रेगेत पुष्कळ आहेत. इथे मात्र गेला तो मुख्य आवाज आणि सख्खा भाऊही. पुढच्या पिढीत ग्रॅम्प्सचा मुलगा जेमेर गातो, तो स्वतःच्या नावावर.