अबाया

अबाया म्हणजे अंगावरच्या कपड्यांवरून चढवायचा, खांद्यापासून घोट्यापर्यंत येणारा, लांब बाह्यांचा सैल झगा. मूळचा अरबी द्वीपकल्पातला. डोक्याचा स्कार्फ आणि चेहऱ्यावरचा नकाब या वेगळ्या वस्तू. त्या घ्यायच्या की नाही, हे घरोघरी आणि बाईगणिक बदलते. कोल्हापुरात मात्र बोलताना या सगळ्याला सरसकट ‘बुरखा’च म्हणतात.

जुना अबाया डोक्यावरून घेत. आता खांद्यावरचाच जास्त चालतो. तो पुढून बटणांचा किंवा चेनचा असतो, नाहीतर गळ्यातून घालायचा. कापड बहुधा निदा, म्हणजे पॉलिस्टरचे: गर्द काळे, मऊ, फारसे न चुरगळणारे. माप छातीवर नाही, उंचीवर ठरते. ५२, ५४, ५६, ५८ असे इंचांचे आकडे असतात. खांद्यापासून घोट्यापर्यंत टेप धरला की काम झाले. लांब पडला तर खालून दुमडून टीप मारायची.

कुराणात (३३:५९) बाहेरच्या वस्त्राला जिलबाब म्हटले आहे, पण त्याचा ठरावीक आकार दिलेला नाही. सक्ती आणि बंदी या दोन्ही गोष्टी सरकारांनीच आणल्या. सौदी अरेबियात अबाया दीर्घकाळ सक्तीचा होता. २०१९मध्ये परदेशी पर्यटक स्त्रियांना त्यातून सूट मिळाली. उलट फ्रान्सने २०२३मध्ये सरकारी शाळांत त्यावर बंदी घातली.

कोल्हापूर भागात अबाया अलीकडचाच. खेड्यांतल्या मुसलमान बायका शेजारणींसारखीच साडी नेसत आणि डोक्यावर पदर घेत. शहरात दोन भागांचा काळा बुरखा होता. आखातातल्या नोकऱ्या, हज-उमरा यात्रांची ये-जा आणि तयार कपड्यांचा बाजार यांतून अबाया रुळला. पडदा मात्र इथे एकाच समाजाचा नव्हता, हे सहसा विसरले जाते. खानदानी मराठा घराण्यांत गोषा, म्हणजे बायकांचा पडदा, पाळला जाई. १९१८मध्ये धाकटे पुत्र शिवाजी वारल्यावर शाहू महाराजांनी बालविधवा सून इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची सोय कोल्हापूरजवळच्या सोनतळीला केली, तो काळ या गोषाचाच.

आज अबायाची खरी परीक्षा होते ती मोपेडवर. एका अंगाने बसलेल्या बाईचा घोळ मागच्या चाकात जातो, म्हणून बसण्याआधी तो गोळा करून मांडीखाली दाबून घ्यायचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधल्या १२३व्या नियमानुसार दुचाकीच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी लागते. बोलीत ती ‘साडीगार्ड’. जुलैतल्या पावसात निदा सुती कापडापेक्षा लवकर वाळतो, पण वरून रेनकोट चढवला की सैलपणाची सगळी सोय गेलीच.