दिव्यांग तपासणीला जाताना कुत्रा आमच्याकडे ठेवणार असाल तर

तपासणीची तारीख आली की ग्राहकांचा फोन येतो आणि प्रश्न जवळपास ठरलेला असतो. "ओ भाऊ, त्याला सोडून कसं जाऊ? माझ्या हातचंच खातो तो." परभणीत वसमत रस्त्याला आम्ही कुत्री-मांजरं सांभाळतो. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी येणारे बरेच जण आपलं जनावर दिवसभर आमच्याकडे ठेवतात. जिंतूर, सोनपेठ, पालम, गंगाखेड अशा लांबून येतात. कित्येकांच्या घरात त्या कुत्र्याशिवाय दुसरं कुणी नसतं, त्यामुळे जीव खालीवर होणं साहजिक आहे. सगळ्यांना फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, म्हणजे आमचा मुख्य नियम का आहे ते कळेल. पालमकडचे एक काका तपासणीच्या दिवशीच सकाळी सात वाजता कुत्रा घेऊन आले. त्याआधी तो कधी कुणाकडे राहिला नव्हता. काका फाटकाशी अर्धा तास थांबले, त्याला कुरवाळत राहिले, दोनदा निघाले आणि दोनदा परत फिरले. कुत्रं भुंकून भुंकून बेजार झालं. काका शेवटी गेले, रुग्णालयात कागद जमा केले, रांगेत बसले. अकराच्या सुमारास त्यांना राहवेना. रांग सोडून, कुबडी सावरत, रिक्षा करून ते इकडे आले. तोवर कुत्रं लिंबाच्या सावलीत गाढ झोपलं होतं. काकांचा आवाज ऐकून ते उठलं आणि पुन्हा रडायला लागलं. काका परत रुग्णालयात पोचले तेव्हा त्यांचा नंबर निघून गेला होता. त्यांना पुढची तारीख घ्यावी लागली. म्हणजे पुन्हा गाडीभाडं, पुन्हा ती रात्रभराची धाकधूक.

त्यात काकांचा दोष नव्हता. पहिल्यांदाच येणाऱ्या कुत्र्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं, ही चूक आमची होती. तेव्हापासून तपासणीच्या दिवशी नवीन जनावर आम्ही घेत नाही. आधी एकदा सरावाला आणावंच लागतं.

काही जणांना वाटतं की जादा पैसे मिळवायला आम्ही हे काढलंय. पूर्ण दिवसाचे आम्ही 350 रुपये घेतो आणि सरावाच्या दिवसाचे फक्त 150. त्यात आमचा एक माणूस निम्मा दिवस त्या एकाच कुत्र्यापाशी बसलेला असतो. सराव तारखेच्या आठ-दहा दिवस आधी करावा. पहिल्या वेळी दोन तास ठेवा. तुम्ही परभणीतच थांबा, बाजारात जा, चहा प्या आणि ठरल्या वेळी या. मालक जातो आणि परतही येतो, हे कुत्र्याला सांगून कळत नाही, अनुभवानंच कळतं. जमलं तर आणखी एकदा अर्धा दिवस ठेवा. तपासणीच्या दिवशी मग त्याला आमचा वास, आमची माणसं, पाण्याचं भांडं सगळं ओळखीचं असतं. सरावाचा उपयोग कुत्र्याइतकाच मालकालाही होतो. पहिल्या सरावाला डोळ्यांत पाणी आणून गेलेल्या एक मावशी तपासणीच्या दिवशी पाच मिनिटांत साखळी आमच्या हातात देऊन निघाल्या.

घरीही तयारी करता येते. तुम्ही चपला घातल्या, किल्ली उचलली की कुत्रं अस्वस्थ होतं ना? मग दिवसातून चार-पाच वेळा चप्पल घाला, किल्ली वाजवा आणि कुठंही न जाता परत बसा. काही दिवसांनी त्या आवाजाचं त्याला काही वाटेनासं होतं. मग दोन मिनिटं बाहेर जाऊन या, पुढं दहा मिनिटं. ते ओरडायच्या आत परत येणं महत्त्वाचं. ओरडल्यावर आलात, तर ओरडलं की माणूस येतो एवढंच ते शिकेल.

लसीच्या कार्डाबद्दल आम्ही कुणाचंच ऐकत नाही. रेबीजची लस वर्षाच्या आत दिलेली हवी, आणि पार्व्हो या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजारासाठी सेव्हन इन वन किंवा नाइन इन वन ही अनेक आजारांवरची एकत्र लसही. "कालच दिली" म्हणून कार्ड दाखवणारे पुष्कळ येतात. लस टोचली की लगेच संरक्षण मिळत नाही, साधारण दोन आठवडे जावे लागतात. पार्व्होचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो, आणि एका पिलाकडून आला तर आमच्याकडच्या सगळ्या पिलांच्या जिवावर बेततं. कुबडीवर आलेल्या माणसाला दारातून परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटतं, पण बाकीच्यांची जनावरंही विश्वासानंच ठेवलेली असतात. म्हणून तारीख कळली की पहिलं काम म्हणजे कार्ड काढून बघा. गोचिडाचं औषधही त्याच वेळी करून घ्या.

आदल्या रात्री दोन वेगळ्या पिशव्या भरून दाराशी ठेवा. एकीत तुमची फाइल, आधार, फोटो, जुने रिपोर्ट. दुसरीत कुत्र्याचं सामान: पट्टा, लसीचं कार्ड, चालू असलेलं औषध आणि त्याचं रोजचं खाणं. ज्वारीची भाकरी खाणारं कुत्रं असेल तर भाकरीच आणा. त्या दिवसापुरतं महागडं पाकीट आणू नका, अचानक बदलाने जुलाब लागतात. आणखी एक वस्तू आठवणीनं आणा. तुम्ही वापरलेला, न धुतलेला बनियन, ओढणी किंवा टॉवेल. तुमच्या वासावर डोकं ठेवून कुत्रं झोपतं, हे आम्ही रोज बघतो.

साखळी आमच्या हातात दिली की निघा. भिंतीआडून बघत थांबू नका, त्याला तुमचा वास येतो. एकदा पाठीवरून हात फिरवा, रोज घरून निघताना जे म्हणता तेच म्हणा आणि चला. तुमचा आवाज कापरा झाला की कुत्र्याला वाटतं, इथं काहीतरी धोका आहे.

मग दिवसभर काय? सकाळी अकराला आणि दुपारी तीनला आम्ही व्हिडिओ पाठवतो. मधल्या वेळेत फोन उचलत नाही, याचा काही जणांना राग येतो. हातात साखळी आणि कानाला फोन, अशात कुत्रं सुटतं किंवा चावतं. मधे आमचा फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजा. उलट्या, जुलाब, धाप, पाणी न पिणं असं काही दिसलं तर आम्ही लगेच कळवतो आणि जनावरांच्या डॉक्टरांनाही बोलावतो. त्यासाठीची सही सकाळीच घेतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फोन न करता लिहून मेसेज करतो. ज्यांना दिसत नाही त्यांना व्हिडिओऐवजी बोलून निरोप पाठवतो, त्यात तुमच्या कुत्र्याचा आवाजही असतो. नाव नोंदवताना हे आम्हाला सांगून ठेवा. मोठ्या, धडधाकट कुत्र्यानं नव्या जागी एक वेळचं खाणं टाळलं तर घाबरू नका, पाणी पितंय ना तेवढं आम्ही बघतो. लहान पिलांचं मात्र वेगळं असतं, त्यांना थोडं थोडं भरवावंच लागतं.

तपासणीच्या दिवशी अर्ध्या दिवसासाठी नाव नोंदवू नका. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर गेल्यावर नवा एक्स-रे काढून आणा, कानाची तपासणी करून या, असं सांगितलं जाऊ शकतं. दोनला येतो म्हणून गेलेला माणूस सहाला येतो आणि मधले चार तास डॉक्टरांपेक्षा घड्याळाकडे बघण्यात जातात. पूर्ण दिवस घ्या. तपासणीमुळे उशीर झाला तर जादा पैसे आम्ही घेत नाही, हे फाटकावरही लिहिलंय. लांबून येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी आणून सोडलं तरी चालतं. एप्रिल-मेमध्ये तर सकाळी आठच्या आत या. बेचाळीस अंशांच्या उन्हात डांबरी रस्त्यावरून चालवलेल्या कुत्र्याचे पंजे भाजतात. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. "कुत्रा पाळतो असं कळलं तर प्रमाणपत्रावरचे दिव्यांगत्वाचे टक्के कमी होतील का?" 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि टक्केवारी वैद्यकीय मोजमापावरून ठरते. सांधा किती वळतो, कान किती ऐकतो, डोळ्याला किती दिसतं, हे बघितलं जातं. घरात कुत्रा आहे की नाही याचा त्यात संबंध नाही. संजय गांधी निराधार योजनेसाठी लागणारे किमान 40 टक्के याच मोजमापातून येतात. ही भीती मनात धरून कुणी कुत्रा लपवू नये, कुणाला देऊन तर अजिबात टाकू नये. डॉक्टरांनी रोजच्या कामांबद्दल विचारलं तर खरं ते सांगा. कुत्र्याला फिरवायला शेजारचा पोरगा येत असेल तर तेही सांगा.

मांजरवाल्यांना आमचा सल्ला वेगळा आहे. मांजर इकडे आणूच नका. तिला माणसापेक्षा जागा सोडून जाणं जड जातं. परभणी शहरात राहत असाल तर आमची ताई घरी येऊन खाणं-पाणी करते, वाळूचा ट्रे साफ करते आणि फोटो पाठवते. मांजराला शांत ठेवायला म्हणून माणसाची गोळी देऊ नका. साधी पॅरासिटामॉलही मांजराच्या जिवावर उठते.

फाटकाला उतार केलेला आहे, चाकाची खुर्ची आतपर्यंत येते. उतरणं अवघड असेल तर रिक्षातच बसा, आम्ही बाहेर येऊन कुत्रं घेतो. संध्याकाळी घरी नेल्यावर आधी पाणी द्या, थोडा वेळ थांबून मग थोडं खायला द्या. दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त झोपेल, दमलेलं असतं. तुम्हीही दमलेले असाल. पुढच्या तपासणीची तारीख मिळाली असेल तर ती त्याच संध्याकाळी आमच्या वहीत लिहून जा, सरावाचा दिवस लगेच धरून ठेवू.