नाका उठला म्हणून मिळकत वाढते का?

बेळगावची भाजी चोर्ला घाट उतरून रोज गोव्यात येते. सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातली, दोडामार्ग-सावंतवाडीकडची पोरं दुचाकीवरून म्हापसा-डिचोलीकडे कामाला येतात. माल येतो, माणसं येतात, रुपयाही एकच. मग सीमेच्या दोन्ही बाजूंची मिळकत हळूहळू सारखी व्हायला हवी की नको?

पुस्तकी उत्तर ‘हो’ असं आहे. जिथं भांडवल कमी, तिथं नव्यानं घातलेल्या पैशाला परतावा जास्त, म्हणून पैसा तिकडे वळतो. शेजाऱ्याचं तंत्रही आयतं उचलता येतं. रॉबर्ट बॅरो आणि साला-इ-मार्टिन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली राज्यं आणि युरोपातले प्रदेश तपासले, तेव्हा उत्पन्नातली दरी वर्षाला साधारण २ टक्क्यांनी बुजते असं निघालं. म्हणजे निम्मी बुजायलाच ३५ वर्षं! पाच वर्षांत कायापालट करू म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

आता पोर्तुगाल घ्या. जुन्या नोंदी काढून तिथला पासपोर्ट मिळवायची खटपट गोव्यात कित्येक घरांत चालते. तो देश १९८६ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात (आजच्या युरोपीय संघात) शिरला. रस्ते, प्रशिक्षण यांसाठी त्याला समुदायाकडून भरपूर निधीही मिळाला. तरी आज महागाईचा फरक वजा करून त्याचं दरडोई उत्पन्न युरोपीय संघाच्या सरासरीच्या ८० टक्क्यांच्या आसपास आहे. पासपोर्टधारक गोंयकार लिस्बनला थोडे आणि इंग्लंडातल्या स्विंडनला जास्त का गेले, याचं एक उत्तर यात आहे. ब्रेक्झिटनं ती वाट बंद केली, ते वेगळं.

२००४ मध्ये संघात आलेला पोलंड सरासरीच्या निम्म्यावरून वीस वर्षांत जवळपास पोर्तुगालच्याच पातळीवर पोहोचला. ग्रीसला बाजार तोच आणि निधीही होता, पण २००९ नंतरच्या कर्जसंकटात तो घसरला तो घसरलाच.

गरीब देशांनी आपसात बाजार खुला केला, तर उलटंही घडतं. केनिया, युगांडा आणि टांझानिया १९६७ मध्ये एकत्र आले. कारखान्याला गिऱ्हाईक, सुटे भाग आणि कारागीर एकाच ठिकाणी हवे असतात, आणि ते नैरोबीत होते. उद्योग तिथं साचले, बाकीचे दोघे कुरकुरू लागले आणि १९७७ मध्ये संघ मोडला.

आपल्याकडेही केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीनं नोंदवलं, की भारतातली राज्यं एकमेकांच्या जवळ येत नाहीत. दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वरच्या रांगेत. २०१७ मध्ये जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले. (दारू जीएसटीबाहेर, म्हणून सीमेवरच्या इन्सुली नाक्यावर बाटल्या अजून शोधतात.) पण नाका उठल्यानं ट्रकचे तास वाचतात, दोडामार्गात कारखाना उभा राहत नाही.

२०१८ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजनं परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटलं. बाजार एक, पण सरकारी तिजोऱ्या दोन. युरोपनं मागासलेल्या प्रदेशांसाठी वेगळा निधी ठेवला तो हे ओळखूनच. आपल्याकडे राज्यांमध्ये केंद्राचे कर वाटताना वित्त आयोग दरडोई उत्पन्नातल्या अंतराला वजन देतो खरा, पण ते अंतर राज्याच्या सरासरीवरून मोजलं जातं, आणि त्या हिशेबात दोडामार्ग मुंबई-पुण्याच्या सरासरीत बुडून जातो.