गावातल्या आपल्या कार्यक्रमाची नोंद आम्ही कशी ठेवतो

आपली कंपनी किंवा न्यास गावासाठी निधी देतो, नोंदणीकृत संस्था प्रत्यक्ष काम करते आणि त्या कामाचे नियोजन, पाठपुरावा आणि नोंदी आमच्याकडे असतात. निधी आमच्या हातून जात नाही. आपण आमच्याकडून प्रत्यक्षात घेता ती नोंदच, म्हणून ती कशी तयार होते हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

आधी वेळापत्रक

कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते, गावाचे वर्ष पावसावर चालते. बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. चर खोदायला, बंधाऱ्यातला गाळ काढायला रान मोकळे मिळते ते रब्बीची काढणी झाल्यावर, साधारण एप्रिल-मे महिन्यांत. मंजुरी मार्चअखेर आली, तर पाहणी, आखणी आणि जेसीबी ठरवण्यातच मे उजाडतो आणि पहिला पाऊस अर्धवट कामावर पडतो.

म्हणून आम्ही तारखा पावसापासून मागे मोजत येतो. कामांची यादी २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे जायला हवी. त्यासाठी शिवारफेरी डिसेंबरात आणि आपला होकार दिवाळीनंतर लगेच. ‘ठरावाची प्रत मागाहून घ्या, कामाला लागा,’ असे कधीकधी गावातूनच सुचवले जाते. तरीही ठराव हातात आल्याशिवाय आम्ही काम सुरू करण्याची शिफारस करत नाही.

सीएसआरचा, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी द्यायचा, पैसा मार्चच्या आत संपवण्याची घाई पाण्याच्या कामांना फार मारक ठरते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये यावर वाट आहे. संचालक मंडळाने ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलेल्या कामाचा उरलेला निधी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायचा आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर खर्च करायचा. मंजुरी घेतानाच हे ठरवून घ्यावे, असा आमचा आग्रह असतो.

चार रकाने

सगळी कामे एकाच तक्त्यात असतात: ठरले, सुरू, अडले, झाले. तक्ता आपल्यालाही पाहायला खुला असतो. प्रत्येक ओळीत गाव, काम, तारीख आणि एकाच माणसाचे नाव. ‘सर्वजण’ असे लिहिलेले काम कोणाचेच नसते.

सोमवारच्या बैठकीत आम्ही सर्वांत जास्त वेळ ‘अडले’ या रकान्याला देतो. तिथे नुसते ‘संमती बाकी’ असे लिहून चालत नाही. ‘सातबारा सामाईक, धाकट्या भावाची सही बाकी, तो रविवारी पुण्याहून येतो’ असे लिहिले, की पुढे कोणी, कधी, कोणाला भेटायचे ते आपोआप ठरते. हा रकाना आपल्याला पाठवताना आम्ही गाळत नाही. महिन्यामागून महिने तो रिकामाच दिसला, तर आम्हाला जरूर विचारा.

‘झाले’ कधी म्हणायचे

संस्थेने कळवले म्हणून काम झाले असे आम्ही मांडत नाही. समतल चराचे, म्हणजे पाणी अडवून मुरवण्यासाठी उतारावर एकाच पातळीत खोदलेल्या चराचे, उदाहरण घ्या. १०० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर म्हणजे १८ घनमीटर. एकदा काठोकाठ भरला तर १८ हजार लिटर पाणी. टेप धरून खोली ठिकठिकाणी मोजली जाते, कारण लांबी दुरून दिसते, खोली दिसत नाही. मोजमाप वहीवर गावातल्या एका जाणत्या माणसाची सही घेतो. कामाआधी, काम चालू असताना आणि काम झाल्यावर एकाच जागेवरून फोटो काढतो. त्यावर तारीख आणि अक्षांश-रेखांश असतात.

तरीही खोदलेले घनमीटर म्हणजे मुरलेले पाणी नव्हे. त्यासाठी ठरलेल्या विहिरींची पातळी ऑक्टोबरात आणि पुन्हा मे महिन्यात मोजतो आणि शेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहितो. पाऊस न लिहिता दिलेली पातळी फसवी असते. चांगल्या पावसाचे श्रेय चराला मिळून जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाऊस आणि भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणती पिके घ्यायची ते त्यावर ठरवते. आपल्या गावाने स्वतःच मोजू लागावे, यासाठी आम्ही पहिल्या वर्षापासून पर्जन्यमापक गावाच्याच हाती देतो.

बचत गटांच्या कामात बैठकांची संख्या फारशी काही सांगत नाही. आम्ही पंचसूत्री पाहतो: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. रोकड शिल्लक आणि बँकेचे पासबुक जुळते का, हे गटातल्या ताईंसमोरच तपासतो. वह्या गटाच्या आहेत. त्या आम्ही गावाबाहेर नेत नाही आणि कोणाच्या कर्जाचा तपशील नावासह आपल्याला देत नाही, आपण निधी देत असलात तरी.

शाळांच्या कामात मुख्याध्यापकांची लेखी पोच आणि सहा महिन्यांनी वस्तू वापरात आहे का याची पाहणी, एवढे पुरते.

पहिल्या भेटीला येताना मंजुरीची प्रत, अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा सीएसआर नोंदणी क्रमांक आणि आपल्याकडून निर्णय घेणाऱ्या एका व्यक्तीचे नाव आणावे. तक्त्यातली पहिली ओळ त्याच भेटीत लिहिली जाते.