बायोडायनॅमिक शेती

सेंद्रिय शेतीची ही एक जुनी शाखा. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२४ मध्ये कोबेरविट्झ (आता पोलंडमध्ये) येथे दिलेल्या आठ व्याख्यानांतून ती उभी राहिली. ‘देमेतर’ हे तिच्या मालाचे चिन्ह १९२८ पासूनचे.

शेत हा एक सजीव आहे, ही तिची मूळ कल्पना. चारा शेतातला, शेण त्या चाऱ्याचे आणि खत त्या शेणाचे. बाहेरून आणायचे ते कमीत कमी. लहान शेताला हे पेलते, कारण जनावरे किती पोसायची ते चाऱ्यावरून ठरवता येते आणि खताचा ढीग रोज नजरेखाली राहतो.

प्रसिद्धी मिळाली ती मात्र शिंगाला. गाईच्या शिंगात ताजे शेण भरून ते शरद ऋतूत पुरतात आणि सुमारे सहा महिन्यांनी काढतात. तोवर शेणाचा वास जाऊन काळसर, मऊ, ओल्या मातीच्या वासाचा गोळा उरतो. हे ‘५००’ क्रमांकाचे शिंगखत. एकरी मूठभर घेऊन पाण्यात तासभर ढवळायचे; एका दिशेने खोल भोवरा पडला की उलटे फिरवायचे आणि मग जमिनीवर शिंपडायचे. ‘५०१’ मध्ये शेणाऐवजी गारगोटीची पूड असते. पेरणीला चंद्राचे पंचांगही पाहिले जाते.

शिंग आणि चंद्र यांचा स्वतंत्र परिणाम ठामपणे सिद्ध झालेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या, बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेतीची तुलना करणाऱ्या ‘डॉक’ प्रयोगात पहिल्या २१ वर्षांत बायोडायनॅमिक आणि सेंद्रिय शेतीचे उत्पन्न रासायनिकपेक्षा सरासरी २० टक्के कमी भरले; पण खते व ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली. मातीतले सूक्ष्मजीव बायोडायनॅमिक वाफ्यांत सर्वाधिक होते. मात्र तिथे शेणखत पुरते कुजवून घातले जाते, त्यामुळे श्रेय शिंगाचे की ढिगाचे, हे सुटे करता येत नाही.

ढिगाचे काम मातीत दिसते. वाळलेले ढेकूळ पाण्यात सोडावे. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीचे ढेकूळ लवकर विरघळून पाणी गढूळ होते. तोच गाळ पावसात वर बसून पापुद्रा धरतो. ह्यूमस (काडीकचरा व शेण कुजून उरणारा काळसर भाग), बुरशीचे तंतू आणि गांडुळांची विष्ठा यांनी बांधलेले ढेकूळ बराच वेळ आकार टिकवते. त्याच्या फटींतून पाणी मुरते, मुळांना हवा मिळते. ही बांधणी कंपोस्ट, द्विदल पिकांची फेरपालट आणि आच्छादन यांनी होते, आणि तिला काही हंगाम द्यावे लागतात.