माळावरचा तरवड अंगणात

घट बसायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं घराघरातली पोरं पिशव्या घेऊन माळाकडं निघतात. पहिली माळ विड्याच्या पानांची असो की आणखी कशाची, नऊ दिवसांत तरवडाची माळ घटावर सोडल्याशिवाय आमच्या घरचं नवरात्र झाल्यासारखं वाटत नाही. केज तालुक्यातल्या आमच्या गावाला लागून जो खडकाळ उतार आहे, तिथं भाद्रपद-आश्विनात ही पिवळी फुलं अशी उधळलेली असतात की लांबून माळाला हळद लावल्यासारखी दिसते.

हेच फूल याच दिवसांत पलीकडं तेलंगणातही देवीचं होतं. घट बसायच्या आदल्या दिवशी, म्हणजे सर्वपित्री अमावास्येला, तिकडं बतुकम्मा हा फुलांचा सण सुरू होतो. ताटात फुलांचे थर गोपुरासारखे रचतात आणि त्यात तरवड, त्यांच्या भाषेत तंगेडू, हवाच असतो. २०१४ साली तेलंगणानं त्याला राज्यफुलाचा मान दिला. आपले धर्माबाद, बिलोली, देगलूर हे तालुके त्या सीमेला चिकटलेले आणि १९४८ पर्यंत आपण मराठवाड्यातले आणि ते सगळे एकाच निजामी राज्यात होतो. आपल्याकडं मात्र तरवड अजून बांधावरचं झुडूपच आहे. वृक्षलागवडीचे खड्डे घ्यायची वेळ आली की माळ साफ करताना आधी तोच उपटला जातो, आणि त्याच्या जागी लावलेली रोपं पुढच्या चैत्रापर्यंत वाळून गेलेली असतात. हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलं आहे. म्हणूनच मला वाटतं, तरवड माळावर राहू द्यावाच, आणि ज्याच्या दारात थोडी जागा आहे त्यानं तो दारातही लावावा.

लावणं अवघड नाही. अवघड आहे ते त्याला जास्त न जपणं. माझं पहिलं रोप मी घराजवळच्या काळ्या मातीत लावलं होतं. शेणखत घातलं, छान गोल आळं केलं, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. महिन्याभरात पानं पिवळी पडली आणि रोप हातात उपटून आलं. मूळ काळं पडून मऊ झालेलं होतं. आई ते बघून म्हणाली, "माळावर त्याला कोण पाणी घालायला जातंय रे?"

काळी माती म्हणजे बारीक चिकणमाती. पाणी मिळालं की ती फुगते, कणांमधली पोकळी बंद होते आणि हवा आत जायची थांबते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. शेतकरी वाफसा येण्याची वाट बघतो ती याचसाठी: मातीत ओल आणि हवा दोन्ही जमली पाहिजेत. रोज पाणी दिलेल्या काळ्या मातीत वाफसा कधी येतच नाही. तरवड वाढला आहे तो बेसॉल्टचा खडक झिजून झालेल्या मुरमात, जिथं पाऊस पडला तसा खाली निघून जातो. दुसऱ्या वेळी मी दीड-दोन फूट खोल खड्डा घेतला, निम्मा मुरूम आणि निम्मी माती भरली आणि रोपाचं बूड जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवलं. ते झाड आज माझ्या डोक्याच्याही वर गेलं आहे. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी दिलं, नंतर दिलंच नाही. खतही नाही. ऊन मात्र दिवसभर लागतं. भिंतीच्या सावलीत लावलेलं झाड नुसतं उंच-लुकडं होतं आणि फुलायला कचरतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वैशाखात आमच्या माळावर गवताची काडी नव्हती आणि तरवड हिरवा उभा होता. त्याचं सोटमूळ खडकाच्या फटी शोधत खोल जातं. हेच मूळ लागवडीत अडचणही होतं. मोठं झालेलं झुडूप माळावरून खणून आणायच्या नादी लागू नये. सोटमूळ तुटतं आणि झाड जगत नाही. बीच लावावं.

बियांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. दिवाळीनंतर झाडाला चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा लागतात. त्या तपकिरी होऊन वाजायला लागल्या की तोडायच्या. एका शेंगेत दहा-बारा ते वीस बिया निघतात. त्या तशाच पेरल्या तर बहुतेक उगवत नाहीत आणि माणूस म्हणतो, बी खराब होतं. बी चांगलंच असतं. त्याच्या सालीत पेशींचा एक घट्ट थर असतो, त्यातून पाण्याचा थेंबही आत जात नाही. माळावर उन्हानं तापून, रात्री गार होऊन, दगडावर घासून ही साल हळूहळू तडकते. कुणाची या वर्षी, कुणाची पुढच्या, कुणाची त्याच्याही पुढच्या.

यामागचं शहाणपण मराठवाड्याच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. मृगाचा पाऊस पडतो, पेरणी होते, मग तीन आठवडे खंड पडतो आणि दुबार पेरणीचं संकट उभं राहतं. तरवडानं सगळं बी एकाच मृगावर लावलं असतं तर अशा एका खंडात त्याची अख्खी पिढी गेली असती. थोडं बी उगवतं, बाकीचं जमिनीत शिल्लक राहतं. दुबार, तिबार पेरणीची सोय त्यानं सालीतच करून ठेवली आहे.

आपल्याला इतकी वर्षं थांबायचं नसेल तर पाण्याला उकळी आणून भांडं खाली उतरवावं, दोन-तीन मिनिटांनी त्यात बी टाकावं आणि रात्रभर तसंच ठेवावं. सकाळी जे बी टम्म फुगलं असेल ते पेरावं. जे फुगलं नाही त्याची एक कड खरखरीत दगडावर किंवा पॉलिश पेपरवर जराशी घासून पुन्हा भिजत घालावं. डोळ्याची बाजू, म्हणजे जिथून मोड येतो ती, घासू नये. जूनमध्ये जागेवरच दोन-तीन बिया टोकाव्यात. पिशवीत करायचं असेल तर पिशवी उंच घ्यावी आणि रोप वीतभर व्हायच्या आत जमिनीत लावावं. कुंपण करायचं असेल तर दोन झाडांत तीन-चार फूट अंतर पुरतं. शेळ्या-ढोरं तरवडाला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळं कुंपणाला कुंपण नको.

रोपवाटिकेतून आणणार असाल तर एक खात्री करून घ्या. 'कॅशिया' म्हणून बाहेरदेशची पिवळ्या फुलांची झुडपंही विकली जातात. तरवड ओळखायचा त्याच्या कानावरून. पानाचा देठ जिथं फांदीला मिळतो तिथं दोन्ही बाजूंना गोलसर, हिरव्या, कानाच्या पाळीसारख्या पाकळ्या असतात. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली याला कॅशिया ऑरिक्युलाटा नाव दिलं ते यावरूनच, ऑरिक्युला म्हणजे इवलासा कान. पुढं कॅशिया या मोठ्या कुटुंबाची वाटणी झाली आणि आता शास्त्रज्ञ याला सेना ऑरिक्युलाटा म्हणतात. आपली सोनामुखी आणि टाकळा त्याचेच भाऊबंद.

शेंगा येतात म्हणून तरवड जमिनीत नत्र साठवतो असंही सांगितलं जातं. तूर-हरभऱ्याच्या मुळांवर जशा गाठी असतात तशा मात्र सेना वंशाच्या झाडांच्या मुळांवर सहसा नसतात. त्याचा पाला कुजून खत होतं, दक्षिणेत भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून तो घालतातही, पण हवेतला नत्र धरायचं काम तूर-हरभराच करतो.

आता फुलाकडं. कधीतरी सकाळी सात-साडेसातला झाडाजवळ पाच मिनिटं शांत उभं राहा. काळा, जाडजूड भुंगा येतो, तोच जो वाळल्या लाकडात भोक पाडून घर करतो. उडताना त्याचा आवाज खर्जातला असतो. फुलावर बसून तो पुंकेसरांना मिठी मारतो आणि आवाज एकदम चढतो, तुटक तुटक येतो: झुईं, झुईं. पंख मात्र जागेवर. मला पहिल्यांदा कळेना की पंख हलत नाहीत तर आवाज कशाचा. भुंगा उडायचे स्नायू पंखांपासून जणू सुटे करून नुसते थरथरवतो, सेकंदाला शेकडो वेळा. ती थरथर केसराला पोचते आणि परागांचा फवारा उडतो.

त्याचं कारण केसराच्या रचनेत आहे. झेंडूसारखे पराग इथं उघड्यावर नसतात. तरवडाचा परागकोश ही एक बंद कुपी असते आणि तिच्या टोकाला बारीक भोक. मीठदाणी हलवावी तशी ती हलवली तरच पराग बाहेर येतात. मधमाशीला ही थरथर जमत नाही, भुंग्याला जमते. फुलात मध नाहीच. जे काही मिळतं ते परागच.

मग भुंग्यानं सगळे पराग खाल्ले तर फलधारणा कशी व्हायची? फुलात दहा केसर असतात. वरचे तीन वांझ. मधले आखूड, त्यातले पराग भुंग्याच्या शिदोरीसाठी. खालचे दोन-तीन लांब आणि बाकदार, त्यांचे पराग उडून भुंग्याच्या अंगावर अशा जागी बसतात जिथं त्याचे पाय सहज पोचत नाहीत. एकाच फुलात अशी कामाची वाटणी असते, हे हर्मान म्युलर या जर्मन शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात मांडलं. आणखी एक गंमत बघा. काही फुलांत स्त्रीकेसर डावीकडं वाकलेला असतो, काहींत उजवीकडं. डाव्या फुलात अंगाच्या ज्या बाजूला पराग लागतात, ती बाजू उजव्या फुलाच्या स्त्रीकेसराला घासते. माळ ओवताना आम्ही हजारो फुलं हातात घेतली असतील, पण हे डावं-उजवं कधी दिसलं नव्हतं. आता आईसुद्धा ओवताना वेगवेगळी काढून दाखवते.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. त्या पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. ही फुलपाखरं थव्यानं लांब भटकतात आणि अंडी घालायला तरवडासारखीच झाडं शोधतात. फवारणी करू नका. चार फांद्या ओरबाडल्या गेल्या तरी पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी येते. मुंग्याही हाकलू नका. पानाच्या जोड्यांमध्ये दाभणाच्या टोकाएवढ्या उभ्या ग्रंथी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो. तो प्यायला आलेल्या मुंग्या जाता-येता पानं खाणाऱ्या किड्यांना हुसकतात.

छाटणी एकदाच, शेंगा वाळून गेल्यावर, माघ-फाल्गुनात. फुलं नव्या फांद्यांच्या शेंड्यांकडं येतात, त्यामुळं जितके शेंडे तितका बहर. तिसऱ्या भागाइतकं झाड कापलं तरी ते बुडापासून फुटतं. कापलेल्या फांदीची साल दाताखाली धरली तर तोंड आवळतं. ते टॅनिन. कातड्यातल्या प्रथिनाला ते असं घट्ट धरतं की कातडं कुजत नाही. कातडं कमावणाऱ्यांना ही साल फार मोलाची होती, आणि जुन्या मद्रास इलाख्यातला कातडी उद्योग तर एकेकाळी तिच्यावरच उभा होता. पुढं वॅटल या परदेशी बाभळीची साल आली आणि तरवड मागं पडला.

आयुर्वेदात याचं नाव आवर्तकी. मधुमेहावर म्हणून लोक फुलांचा काढा घेतात. गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

गेल्या दोन वर्षांपासून आई माळेसाठी एका फांदीची फुलं तोडली की शेजारची फांदी सोडून देते. सोडलेल्या फांद्यांवर यंदा दिवाळीनंतर शेंगा लोंबत होत्या. निम्मं बी मी शेजारच्या पोरांना वाटलं, आणि निम्मं मागच्या उतारावर न भिजवता तसंच फेकून दिलं आहे.